योग्यतेचा रकाना

माझी नात ऋता परवा एक फॉर्म घेऊन आली. तिला 'फिजिशियन असिस्टंट' नावाचा कोर्स करायचा आहे. मी विचारलं, म्हणजे काय गं? तर म्हणाली, "डॉक्टर नाही आजी, पण डॉक्टरच्या हाताखाली. पेशंटला तपासायचं, काय होतंय ते लिहून घ्यायचं, टाके घालायचे, औषध सुचवायचं. सही मात्र डॉक्टरची." नर्सबायांसाठीही तसंच वरचं शिक्षण निघालंय म्हणे, नर्स प्रॅक्टिशनर, आधी नर्सिंगची पदवी, मग काही वर्षं वॉर्डात काम, मग आणखी अभ्यास. कोणी काय करायचं, कुठवर करायचं, सगळं छापील. मी म्हटलं, "मग तुझे पणजोबा तेच होते." ती हसली. तिला वाटलं म्हातारी कौतुकानं बोलतेय. फॉर्मच्या तळाशी बारीक अक्षरात लिहिलं होतं की मूळ प्रमाणपत्रं कार्यालयात जमा करावीत. ते वाचलं आणि माझं डोकं सणकलं. मी फॉर्म तिच्या हातून काढून घेतला. म्हटलं, झेरॉक्स दे, दहा झेरॉक्स दे, पण मूळ कागद कोणाच्याही हाती द्यायचा नाही. ती म्हणाली, "आजी, नियम आहे." नियम कसे असतात ते मी तेरा वर्षांची असताना पाहिलंय. तिच्यासाठीच हे प्रकरण लिहून ठेवते आहे, आणि कोणाला ते गोड लागणार नाही हे आधीच सांगते.

आमचं घर बुऱ्हाणपुरात राजघाटाच्या वाटेवर, एका धर्मादाय दवाखान्याच्या मागच्या दोन खोल्यांत होतं. सरकी काढण्याच्या कारखान्याच्या एका शेठनं आईच्या नावानं तो दवाखाना काढला होता. माझे वडील तिथे कंपाउंडर. त्यांना सगळं गाव भाऊ म्हणायचं, म्हणून आम्हीही भाऊच म्हणायचो. आईला माय. सकाळी जाग यायची ती खलबत्त्याच्या आवाजानं. भाऊ ज्येष्ठमध कुटत असायचे. त्यानंतर रिकाम्या बाटल्या उकळायला टाकल्याचा खळखळाट, मग स्टोव्हची सूं सूं, आणि त्यावर मायचा आवाज, "कमे, ऊठ, खळ लागून जाईन खाली!" खळ म्हणजे कणकेची. त्या काळी औषधाची बाटली लोक घरून आणत. कंपाउंडर तीत औषध भरून बाहेरून कागदाची पट्टी चिकटवायचा, आणि त्या पट्टीला जितके डोस तितक्या खाचा कापलेल्या असायच्या. एका खाचेपर्यंत औषध उतरलं की एक डोस झाला. ज्याला अक्षर येत नाही त्यालाही खाच कळते. पट्ट्या मी कापायची आणि खळ माय शिजवायची. आमच्या घरात खळ आणि डाळ-भाकरी एकाच चुलीवर, त्यामुळे कळण्याच्या भाकरीला आणि उडदाच्या डाळीलाही मला पुष्कळ वर्षं दवाखान्याचा वास येतोय असं वाटायचं. डोईफोडिया गावचा मामा आला की केळीचा घड आणायचा, मग आठ दिवस कच्च्या केळ्याची भाजी.

दवाखान्यात एका फळीवर चिनी मातीच्या सात मोठ्या बरण्या होत्या. त्यांच्यावर औषधाचं नाव नव्हतं, नुसते आकडे. पहिल्या म्हाताऱ्या डॉक्टरांनी ही पद्धत घातली होती. एक नंबर पोटाचं, दोन नंबर हिवतापाचं, तीन नंबर खोकल्याचं, असं सातापर्यंत. म्हातारे डॉक्टर वारले, पण त्यांनी भाऊंना सातही औषधं शिकवून ठेवली होती. भाऊंनी ती एका निळ्या पुठ्ठ्याच्या वहीत लिहून ठेवली आणि पुढं स्वतःच्या अक्कलहुशारीनं सुधारली. सरकीच्या कारखान्यातल्या बायांचा खोकला कापसाच्या धुळीचा असतो, तो नुसत्या नेहमीच्या औषधानं जात नाही, हे त्यांच्या लक्षात आलं होतं. म्हणून तीन नंबरात त्यांनी अडुळसा वाढवला. आणि ओळखायला सोपं जावं म्हणून प्रत्येक औषधाला रंग दिला. तीन नंबर लाल होतं. बुऱ्हाणपुरात कोणी खोकलं की शेजारीण म्हणायची, "लाल दवा आण ना भाऊची."

भाऊ नागपूरला जाऊन कंपाउंडरची परीक्षा पास झाले होते. ते सर्टिफिकेट मी तोवर कधी पाहिलं नव्हतं, कारण नोकरीला लागताना ते दवाखान्यात जमा करायचं आणि मुख्य डॉक्टरांच्या कपाटात ठेवायचं, अशी तिथली रीत होती. माय कधी कधी म्हणायची की घराच्या भिंतीवर असतं तर बरं दिसलं असतं. भाऊ म्हणायचे, "तिथं सांभाळून आहे."

आता डॉक्टर सराफांकडे येते. त्यांचं नाव लिहिताना अजूनही पेन कागदात रुततं. म्हाताऱ्या डॉक्टरांनंतर ते आले आणि अकरा वर्षं राहिले. शिकलेले होते, खोटे डॉक्टर नव्हते. पण आळशी होते, आणि आळस लपवण्यापुरता रुबाब त्यांच्याकडे होता. सकाळी दहाला यायचे. तोवर भाऊंनी रांगेतल्या प्रत्येकाची जीभ पाहिलेली, नाडी पाहिलेली, पोट दाबून पाहिलेलं, मुलाला ताप किती दिवसांचा ते विचारलेलं असायचं. भाऊ चिठ्ठीवर नाव लिहायचे, आकडा लिहायचे, आणि चिठ्ठ्यांचा गठ्ठा डॉक्टरांपुढे ठेवायचे. डॉक्टर पान चघळत सह्या करायचे. एखादा माणूस भाऊंना खरोखर आजारी वाटला तर ते डॉक्टरांच्या कानाशी जाऊन हळूच सांगायचे, "याला तुम्ही स्वतः पाहा साहेब." तेवढ्यांना डॉक्टर पाहायचे, आणि पाहायचे तेव्हा बरं पाहायचे. हे मी त्यांच्या बाजूनं लिहिते आहे, कारण पुढचं काहीच त्यांच्या बाजूचं नाही.

मग नवं राज्य झालं. नागपूर आमची राजधानी होती, ती एका फटक्यात दुसऱ्या राज्यात गेली आणि आम्हाला भोपाळ मिळालं. शाळेत मास्तरांनी नकाशा पुसून पुन्हा काढला. चार जुन्या तुकड्यांचं मिळून एक राज्य, म्हणजे चार ठिकाणचे कारकून, चार ठिकाणचे कंपाउंडर, सगळ्यांना एका यादीत बसवायचं. त्यातच शेठच्या मुलांनी दवाखाना सरकारला देऊन टाकला. भाऊ आनंदात होते. सरकारी नोकरी, सरकारी कंपाउंडर! मायनं त्या दिवशी बाजारातून दराबा, रव्या-तुपाची मऊ मिठाई, आणवला आणि आम्ही दोघी बहिणींनी त्याची पुडी चाटूनपुसून खाल्ली. भोपाळहून फॉर्म आले, हिंदीत. नाव, पद, योग्यता म्हणजे शिक्षण, असे रकाने. ते डॉक्टरांनी भरायचे आणि ज्याच्या त्यानं खाली सही करायची.

इथे माझ्या बापानं जी चूक केली ती दुसऱ्या कोणी केली नसती. अकरा वर्षं भाऊ लिहायचे आणि डॉक्टर न वाचता सही करायचे. त्या दिवशी डॉक्टरांनी लिहिलं आणि भाऊंनी न वाचता सही केली. त्यांना वाटलं, आपल्यात असंच असतं. महिन्याभरानं यादी आली. नाव, बळीराम. पद, परिचारक, म्हणजे चपराशी. योग्यता, कुछ नहीं. सोबत खाकी कापडाचा तुकडा आला, सदरा आणि अर्धी चड्डी शिवायला. आणि दुसऱ्याच दिवशी डॉक्टरांचा भाचा गोविंद खंडव्याहून ट्रंक घेऊन उतरला. तो नुकताच कंपाउंडरची परीक्षा पास झाला होता. कंपाउंडरच्या रकान्यात त्याचं नाव होतं.

भाऊ डॉक्टरांकडे गेले. मी दाराआड होते. डॉक्टर म्हणाले, "बळीराम, तुझं सर्टिफिकेट गहाळ झालंय. कपाटात नाही. कागद नसताना मी कंपाउंडर कसा लिहू? नियम आहे. आता राहा असाच, पुढं बघू." भाऊ "बरं साहेब" म्हणून परत आले. घरी येऊन त्यांनी तो खाकी तुकडा खाटेवर ठेवला आणि पाणी प्यायले. मायनं विचारलं, "आन् तुमी काई बोलले नाई?"

"काय बोलू? कागद नाई त्याईच्यापाशी."

"तुमच्या हातचं औषध पिऊन आर्धं गाव जितं आहे, ते नाई दिसत का त्याले? कागद पाहिजे?" मायचा आवाज इतका चढला की बाहेर रांगेतली माणसं गप्प झाली. मग ती उठली, दवाखान्यात गेली आणि फळीवरची निळी वही उचलून घेऊन आली. "चावी देऊन द्या, तराजू देऊन द्या, सगळं देऊन द्या. वही घरची आहे. चपराशाजवळ वही कायले पाहिजे?" तिनं ती ट्रंकेत घातली आणि ट्रंकेची किल्ली कमरेला लावली. भाऊ म्हणाले, "अवं, त्या पोरानं मले विचारलं तर मी तोंडपाठ सांगून देईन. वही कोंडून काय होते?" माय म्हणाली, "विचारू तर द्या त्याले."

गोविंदनं विचारलं नाही. चपराशाकडून शिकायला त्याला कमीपणा वाटत होता. डॉक्टरांनाही विचारता येईना, कारण विचारलं म्हणजे आपल्याला माहीत नाही हे कबूल करणं आलं. भाऊ खाकी घालून दाराशी स्टुलावर बसायचे आणि नंबर पुकारायचे. गुडघ्याखाली त्यांचे पाय मी तोवर कधी उघडे पाहिले नव्हते. पांढरेफटक आणि बारीक होते. शाळेत जाताना मी त्या दारावरून जायचे टाळू लागले, आणि टाळते आहे हे कळलं की मला डॉक्टरांचा आणखी राग यायचा. मामा डोईफोडियाहून आला तेव्हा मी त्याच्याकडे खाजकुइली मागितली. त्यानं विचारलं नाही कशाला. पुढच्या खेपेला कागदात बांधून आणली. डॉक्टर हात धुवून ज्या टॉवेलला पुसायचे त्याला मी ती चोळली. दिवसभर ते मान आणि गाल खाजवत होते आणि गोविंद त्यांना कसलंसं मलम लावत होता. मला फार बरं वाटलं. पण तेवढ्यानं भागेना. मला वाटायचं की ज्या रकान्यात त्यानं माझ्या बापाला बसवलं, त्याच रकान्यात त्यानं सगळ्या गावासमोर बसावं.

बरण्यांतलं औषध दोन-तीन आठवडे पुरलं. मग गोविंदनं परीक्षेच्या पुस्तकातून औषधं बनवली. बनवली ती चुकीची नसावीत. खोकल्याचं औषध खोकल्याचंच होतं. पण ते पाण्यासारखं पांढरं होतं. कारखान्यातल्या बायांनी बाटली उन्हात धरून पाहिली आणि विचारलं, "ही कोणती दवा? लाल दवा कुठं गेली?" गोविंद म्हणाला, दवा तीच आहे, रंगात काय आहे? एका बाईनं तिथंच झाकण उघडून चाखलं आणि ओट्यावर पिचकारी मारली. "पानी देऊन राहिला बे हा! भाऊ, तुमी उठा ना, तुमच्या हातानं द्या." भाऊ स्टुलावरून अर्धे उठले आणि पुन्हा बसले. म्हणाले, "घे बाई, चांगली दवा आहे. घे." त्यांनी त्या पोराची बाजू घेतली हे पाहून मला रडू आलं. लोकांनी मात्र बाटल्या परत न्यायला सुरुवात केली, आणि कोणीतरी वर अर्ज केला. मग कळलं की खंडव्याहून मोठे साहेब तपासणीला येणार आहेत आणि प्रत्येक तयार औषधात काय आहे ते लिहून घेणार आहेत.

साहेबांच्या तपासणीचा दिवस उजाडला. मी दप्तर घेऊन शाळेला निघाले होते. कोपऱ्यावर डॉक्टरांचं घर. टांगा उभा होता, कारण साहेब डाकबंगल्यावर उतरले होते आणि डॉक्टर त्यांना आणायला निघाले होते. त्यांनी मला व्हरांड्यात हाक मारली. डोळे लाल होते, दाढी नीट झालेली नव्हती. "ए कमल, इकडे ये." मी पायरीशी उभी राहिले. त्यांनी कोटाच्या आतून एक जाड कागद काढला आणि माझ्यासमोर उलगडला. त्यावर शिक्का होता, आणि मोठ्या इंग्रजी अक्षरांत माझ्या वडलांचं नाव. मला सहावीपर्यंतचं इंग्रजी येत होतं. मी ते नाव वाचलं.

"सापडलं," डॉक्टर म्हणाले. "बापाला सांग, सर्टिफिकेट सापडलंय. घरून ती निळी वही घेऊन तासाभरात माझ्या टेबलावर ठेवायला सांग. वही आली की साहेबांसमोर मी स्वतः सांगतो, कंपाउंडर हाच, लिहिण्यात चूक झाली. कळलं? सांगशील ना? जा, पळ."

टांगा गेला. आमचं घर तिथून शंभर पावलांवर होतं. भाऊ आत केर काढत असणार, माय चुलीपाशी असणार. मला सगळं कळलं होतं; मी लहान होते, भोळी नव्हते. माय क्षणभर शिव्या देईल, पण कमरेची किल्ली काढून देईल. भाऊ तर धावत जातील. वही टेबलावर येईल, डॉक्टर साहेबांसमोर घडाघडा सातही औषधं वाचून दाखवतील, सगळे हसतील, चहा होईल, आणि हा माणूस ज्या खुर्चीत बसलाय त्याच खुर्चीत पान चघळत बसेल. सर्टिफिकेट गहाळ झालंच नव्हतं. त्यानं ते सांभाळून ठेवलं होतं. माझ्या बापाला तीन महिने चड्डीत बसवलं, आणि आता आपलं अडलं म्हणून चड्डी उतरवायला निघाला होता. मी घराकडे वळले नाही. सरळ राजघाटावर गेले आणि पायऱ्यांवर बसून राहिले. समोर तापी वाहत होती, बाया धुणं आपटत होत्या, आणि मी दप्तराचा पट्टा चावत दवाखान्याच्या घंटेची वाट पाहत होते. एकदाही उठावंसं वाटलं नाही. हे मी लपवणार नाही.

घंटा झाल्यावर मी मागनं येऊन बायांच्या रांगेत शिरले. साहेब उंच होते, चष्म्याचे, हिंदी बोलणारे. डॉक्टरांनी आधी टेबलाकडे पाहिलं. टेबल रिकामं होतं. मग त्यांनी दाराशी उभ्या असलेल्या भाऊंकडे पाहिलं, आणि भाऊंनी अदबीनं मान लववली. भाऊंपर्यंत निरोप पोचलाच नाही हे डॉक्टरांना कळेना. त्यांना वाटलं असावं, याला निरोप मिळालाय आणि हा आपल्याला नाही म्हणतोय. त्यांचा उतरलेला चेहरा नीट दिसावा म्हणून मी टाचा उंचावल्या. साहेब फळीपाशी गेले. तीन नंबरच्या बरणीवर बोट ठेवून म्हणाले, "डॉक्टर साहब, इसमें क्या-क्या है? लोग कहते हैं, पहले लाल मिलती थी, अब नहीं मिलती."

डॉक्टर म्हणाले, "जी, वो खाँसी का मिक्स्चर है. स्टॉक मिक्स्चर."

"वो तो मैं भी समझ गया. इसमें क्या है? जो आप ग्यारह साल से लिख रहे हैं."

डॉक्टरांनी गोविंदकडे पाहिलं. गोविंदनं पुस्तकातलं सांगायला सुरुवात केली. साहेब म्हणाले, ये नहीं, पहलेवाला. मग त्यांनी पुन्हा डॉक्टरांकडे पाहिलं. डॉक्टरांच्या मानेवर घाम आला होता. आणि माझे भाऊ, ज्यांना या माणसानं चड्डीत बसवलं होतं, ते त्याची फजिती पाहवेना म्हणून एक पाऊल पुढे आले. म्हणाले, "साहब, मैं बताऊँ? उसमें ज्येष्ठमध..."

साहेब वळले. "आप कौन?"

"परिचारक, साहब."

"आप चुप रहिए. परिचारक से नहीं पूछा है."

भाऊ मागे सरले. डॉक्टरांनीच लिहिलेल्या त्या एका शब्दानं, डॉक्टरांना वाचवू शकणारा एकुलता एक माणूस गप्प झाला. मी तिथे रांगेत उभी राहून ते पाहिलं. आयुष्यात मला पुढे पुष्कळ सुखं मिळाली, लग्न झालं, मुलं झाली, मीही पुढे सरकारी इस्पितळात नर्स झाले. पण तितकं निखळ सुख पुन्हा मिळालं नाही. साहेबांनी एकामागून एक सातही बरण्यांवर बोट ठेवलं. डॉक्टर एकाचंही नीट सांगू शकले नाहीत. शेवटी साहेबांनी विचारलं, "तो इतने साल ये बनाता कौन था?" आणि रांग एकदम ओरडली, "भाऊ! भाऊ बनवत होते!" सगळ्यात मोठ्यानं ओरडली ती ओट्यावर पिचकारी मारणारी बाई.

साहेबांनी भाऊंकडे पुन्हा पाहिलं, आता वेगळ्या नजरेनं. खाकी चड्डीकडे, पांढऱ्या पायांकडे. "आप बताइए." आणि भाऊंनी सांगितलं. एक ते सात, माप आणि क्रमासकट, न अडखळता. तीन नंबरात ज्येष्ठमध, नवसागर, अडुळसा, आणि सगळ्यात शेवटी रंग, कारण रंग आधी घातला तर फिका पडतो. अडुळसा का वाढवला तेही सांगितलं. साहेब स्वतः लिहून घेत होते. लिहून झाल्यावर म्हणाले, "आप कंपाउंडर हैं. पास हैं?"

"हाँ साहब. नागपूर से."

"प्रमाणपत्र?"

भाऊंनी डॉक्टरांकडे पाहिलं. डॉक्टरांचा हात कोटावर गेलेला मी पाहिला. तो तिथेच थांबला. मग ते म्हणाले, "गहाळ हो गया, सर. मैंने फॉर्म में लिखा ही है." आणि ते म्हणताना त्यांनी रांगेत मला शोधून काढलं आणि माझ्याकडे पाहिलं. कागद त्यांच्या कोटात होता. मला ठाऊक होतं. मी एक वाक्य बोलले असते तर साहेबांनी तो काढायला लावला असता. पण मग साहेबांनी विचारलं असतं, तुला कसं माहीत, आणि भाऊंनी विचारलं असतं, तू मला का नाही सांगितलंस. मी पुढच्या बाईच्या पाठीआड सरकले. साहेब म्हणाले, "कागज़ के बिना मैं भी कुछ नहीं कर सकता. नक़ल मँगवाइए." भाऊ म्हणाले, "जी साहब."

डॉक्टर सराफांना पंधरा दिवसांत तिथून हलवलं. बुऱ्हाणपूरच्या बाजारात त्यांच्यामागे पोरं "तीन नंबर, तीन नंबर" ओरडत होती. ते मी शिकवलं होतं. गोविंद ट्रंक घेऊन परत गेला. डॉक्टरांनी घर सोडलं त्या दिवशी मी त्यांच्या अंगणातल्या रद्दीचा ढीग उपसला, चुलीतली राखही काठीनं उकरली. कागद मिळाला नाही. नकलेसाठी भाऊ पत्रं लिहीत राहिले. नागपूरचं कार्यालय म्हणायचं, तुमच्या भागाचे कागद भोपाळला पाठवले. भोपाळ म्हणायचं, नागपूरहून ते आलेले नाहीत. भाऊ निवृत्त होईपर्यंत परिचारकच राहिले. नवे डॉक्टर चांगले होते, ते भाऊंना शेजारी खुर्ची द्यायचे. नवे कंपाउंडर यायचे, भाऊ त्यांना सात नंबर शिकवायचे, वही उघडून द्यायचे, आणि मग उठून त्यांच्यासाठी दार धरायचे. लाल दवा पुन्हा सुरू झाली. खाकी मात्र उतरली नाही. फुलपँट मिळाली, एवढंच.

डॉक्टर सराफ वारल्याचं कळलं तेव्हा मी ड्युटीवर होते. मला वाईट वाटलं नाही आणि ते वाटून घ्यायचा मी प्रयत्नही केला नाही. माझ्या सगळ्या प्रमाणपत्रांना मी प्लास्टिकचं आवरण घातलंय आणि कुठल्याही कार्यालयात मूळ कागद दिलेला नाही. एका ठिकाणी त्यावरून बढती दोन वर्षं अडली, तरी दिला नाही. ऋता, म्हणून मी तुझा फॉर्म हिसकावला.

भाऊंना मी त्या निरोपाचं सांगितलं ते त्यांच्या शेवटच्या वर्षात. माय गेली होती. दुपारची वेळ, ते अंगणात खाटेवर पडले होते आणि मी त्यांना दराबा चमच्यानं भरवत होते, कारण त्यांना दुसरं काही चाववत नव्हतं. मी सगळं सांगितलं, व्हरांड्यापासून राजघाटापर्यंत. ते ऐकत राहिले. मग म्हणाले, "मी वही देऊन दिली असती वं. तवाच देऊन दिली असती."

"मले मालूम होतं, भाऊ," मी म्हटलं. "म्हणूनच नाई सांगितलं."

त्यांनी डोळे मिटले. मला वाटलं डोळा लागला. मग त्यांनी माझं मनगट धरलं आणि विचारलं, "कागद कसा होता? वाळवी नोती ना लागली?"

"नाई भाऊ. चांगला होता. तुमचं नाव मोठ्या अक्षरात होतं."

"शिक्का होता?"

"हाव. होता."

"मंग ठीक आहे," ते म्हणाले आणि दराब्यासाठी तोंड उघडलं.